नारळ कोणाकडे आहे?

मुलाखतीला गेलो तेव्हा साहेबांनी मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्हाला काळजी करता येते का?"

मी तयारी करून गेलो होतो. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला नव्याने नोकरी मागायची म्हणजे उत्तरं पाठ असावी लागतात. मी ताठ बसून म्हटलं, "नाही साहेब. कितीही ताण आला तरी मी शांत राहतो."

साहेबांचा चेहरा पडला. माझा अर्ज त्यांनी दोन बोटांनी टेबलावरून परत माझ्याकडे सरकवला. "मग कठीण आहे. शांत ठेवायला इथे बर्फ आहे. मला काळजी करणारं माणूस हवंय."

दारापर्यंत गेलो आणि मागे वळलो. म्हटलं, नोकरी गेलीच आहे, तर निदान खरं बोलून जाऊ. "साहेब, रिक्षात बसल्यापासून मला वाटतंय, घरातला गॅस चालू राहिलाय."

"बंद केला होतात?"

"दोनदा बघितला."

"तरी वाटतंय?"

"आता तर वासही येतोय."

"उद्यापासून या," साहेब म्हणाले.

माझी आई, बायको आणि शेजारचे लोक ज्या गोष्टीला आयुष्यभर माझा दुर्गुण म्हणत आले, तिला त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी अनुभव मानलं.

रत्नागिरीच्या बंदराजवळ, मच्छीचे टेम्पो जिथे उलटे लागतात तिथे, तो बर्फाचा कारखाना. साहेब तिथले मॅनेजर. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, आणि चष्मा कायम कपाळावर. तो डोळ्यांवर आणायचा झाला तर आधी परवानगी मागितल्यासारखं खाकरायचे. मालक मुंबईला. त्यामुळे कारखान्यात साहेब म्हणतील ती पूर्व. आणि साहेब काय म्हणतील याचा नेम नसे.

पण त्यांच्या विचित्रपणाला मुळाशी एक अगदी साधं कारण होतं, आणि ते पहिल्याच दिवशी आम्हा सगळ्यांना सांगून टाकलेलं असे. साहेबांच्या छातीत एकदा कळ आली होती. डॉक्टरांनी तपासून तीन हुकूम दिले. जिना चढायचा नाही. मीठ खायचं नाही. काळजी करायची नाही. केलीत तर पुढची जबाबदारी माझी नाही.

डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगतात. आपण मान हलवतो आणि दवाखान्यातून बाहेर पडता पडता डॉक्टरच्या फीची काळजी करायला लागतो. साहेबांनी मात्र तिन्ही हुकूम सरकारी आदेशासारखे एकाच वेळी लागू केले. जिना बंद म्हणून वरच्या मजल्यावरचं टेबल खाली, मिठाच्या पाण्याच्या टाकीशेजारी आणवलं. बर्फाचे डबे ज्या पाण्यात बुडवून ठेवतात ते पाणी समुद्रापेक्षा खारट असतं. त्या पाण्याला पाठ लावून बसलेला हा माणूस जेवताना आमटीत मिठाचा कण घेत नसे.

राहिली काळजी. ती बंद कशी करणार? कारखान्यात लाईट जाते. अमोनियाचा वास येतो. मच्छीमार बोटींचे तांडेल पहाटे बर्फासाठी येऊन दार ठोठावतात. आणि घरी तर त्याहून मोठा प्रश्न. साहेबांचा एकुलता मुलगा मालवाहू जहाजावर. बायको कधीच गेलेली. मुलगा या महिन्यात कुठल्या समुद्रात असेल ते साहेबांनाही धड सांगता येत नसे. असा बाप काळजीशिवाय कसा राहील? आणि काळजी केली, तर डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे राहणारच नाही.

साहेबांनी तोडगा काढला. ते म्हणाले, काळजी बंद करता येत नसेल तर ती दुसऱ्याकडे द्यावी. कामं देतो की आपण.

आता ती देणार कशी? त्यासाठी त्यांनी आपल्या आगरातला एक असोला नारळ आणला, म्हणजे न सोललेला, सालीसकट. एका सकाळी सगळ्यांना कॉम्प्रेसरसमोर उभं केलं, नारळ दोन्ही हातांत धरला, आणि गावदेवीपुढे घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा महाराजा, आज तुझ्या पायाशी जी काय लेकरं उभी आहेत, त्यांच्या डोक्यात जो काय भुंगा असेल तो ह्या नारळात घाल रे महाराजा."

"होय महाराजा," सगळे म्हणाले. कोकणातल्या माणसाला हे म्हणायला शिकवावं लागत नाही.

"नारळ ज्याच्या हाती, त्याला एक दिवस निभावायची ताकद दे रे महाराजा."

"होय महाराजा."

"बाकीच्यांना दोन घास सुखाचे आणि रात्रीची झोप दे रे महाराजा."

"होय महाराजा."

"आणि लाईट घालवू नको रे महाराजा."

यावरचा होकार, म्हणतात, पार जेटीपर्यंत ऐकू गेला.

तेव्हापासून तो रिवाज पडला. रोज एकाच्या हातात नारळ. त्या दिवशी कारखान्यातल्या सगळ्या काळज्या त्याने करायच्या, बाकीच्यांनी करायच्या नाहीत. नारळ खाली ठेवायचा नाही. वाईट बातमी आली तर ती आधी नारळवाल्याला सांगायची, साहेबांना नाही. काय करायचं ते तो बघेल. संध्याकाळी नारळ पुढच्याच्या हातात.

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. कामावरच्या पहिल्याच सकाळी साहेबांच्या खुणेसरशी कोणीतरी माझ्या हातात नारळ दिला आणि मी गार पडलो. नोकरीत हातात नारळ मिळण्याचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. मी म्हटलं, "साहेब, अजून सहीसुद्धा केलेली नाही."

"एका हाताने करा," ते म्हणाले. "दुसऱ्यात नारळ धरा."

मग लोक यायला लागले. पहिला आला सुभाष, कॉम्प्रेसरचा ऑपरेटर. "सासूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. तेवढं बघा." आणि शीळ घालत निघून गेला. हमालांचा मुकादम रघुदादा आला. "म्हस व्यायची हाय. पयलारू हाय. नीट करा हां काळजी, मागच्या खेपेस सुभाषनं केली नाय धड." फोन आणि बिलं सांभाळणाऱ्या नंदाताई आल्या आणि मुलीच्या स्थळाविषयी इतक्या बारकाईने सांगून गेल्या की त्या मुलाचे कान मला आजही डोळ्यांसमोर दिसतात. एवढंच काय, बर्फ न्यायला येणारी पारूआक्का, मासे विकणारी, तीसुद्धा पाटी उतरवून म्हणाली, "आज तुजी पाळी काय रे बाबा? माजा झिल दारू पितो. घे." आणि पाटी डोक्यावर घेऊन गेली.

दुपारी साहेब टाकीजवळून हाक मारायचे, "कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे," नारळवाला म्हणायचा.

"मग मी जेवतो." आणि डबा उघडायचे.

हे रोज. पावसाळ्यात, शिमग्यात, अमोनियाची गळती झाली त्या दिवशीसुद्धा.

संध्याकाळी हिशेब द्यावा लागे. साहेब चष्मा डोळ्यांवर आणून विचारायचे, "केलीत?"

"केली."

"कसली?"

"लाईटीची केली. सासूच्या मोतीबिंदूची केली. म्हशीची दोनदा केली."

"दोनदा कशाला?"

"पहिल्यांदा रेडा झाला तर, म्हणून केली. मग रेडी झाली आणि दूधच दिलं नाही तर, म्हणून."

"वा," साहेब म्हणायचे. "आणि माझ्या गुडघ्याची?"

"ती राहिली."

"मग उद्या परत तुमच्याकडेच."

मी या कामात फार लवकर वर चढलो. सुभाषचं मन इतरांच्या काळजीत रमायचं नाही. दहाएक मिनिटांत तो मोबाईल काढायचा. मी मात्र पारूआक्काच्या मुलाची काळजी करत करत त्याला पार व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करून, बाहेर काढून, लग्न लावून द्यायचो. गंमत अशी की दुसऱ्याची काळजी कितीही केली तरी रात्री झोप लागते. आणि ज्या दिवशी नारळ माझ्याकडे नसे, त्या दिवशी डोकं इतकं रिकामं व्हायचं की पहिल्या खेपेला मी घाबरलोच. डोक्यात काही वाजत का नाही म्हणून नुसता बसून राहिलो, आणि मला कळलं की कारखान्याच्या मागच्या खिडकीतून भाट्याची खाडी दिसते. तोपर्यंत कितीतरी दिवस मी त्या खिडकीला पाठ करून बसत होतो.

साहेबांचे कायदे आणखीही होते. कोणाला ओरडायचं असेल तर त्याने बर्फाच्या खोलीत जाऊन ओरडायचं, आणि ज्याच्यावर ओरडायचं त्यालाही बरोबर न्यायचं. बाहेर आवाज चढला की रघुदादा दोघांना बखोटीला धरून आत नेऊन उभं करी. एकदा एक तांडेल आणि सुभाष यांचं, लाद्या छोट्या का मोठ्या यावरून, बापापर्यंत भांडण गेलं. दोघांना आत घातलं. बाहेर आम्हाला ऐकू येत होतं. आधी शिव्या, मग लहान शिव्या, मग नुसते दात. बाहेर आले तेव्हा एकमेकांना मिठी मारून होते, आणि तांडेल म्हणत होता, "चाय सांगा कोणतरी, मेलो."

"भांडणाला ऊब लागते," साहेब म्हणाले. "ती आपल्याकडे नाही."

असं सगळं मजेत चाललेलं असताना एक दिवस मुंबईहून धाकटे शेठ आले.

धाकटे शेठ म्हणजे मालकांचे चिरंजीव. नेतृत्व आणि व्यक्तिमत्त्व विकास यांचा कोर्स नुकताच करून आले होते, आणि कोर्स ताजा असताना माणूस धोकादायक असतो. कारखान्यात नारळाचे काही प्रकार चालतात हे त्यांच्या कानावर गेलं होतं. ते बंद करायचे, आम्हाला शास्त्रशुद्ध ताणमुक्त करायचं, आणि साहेबांना विश्रांतीला पाठवायचं असं ठरवूनच ते आले होते. सकाळी सकाळी पडदा लावला, प्रोजेक्टर लावला, आणि आम्हाला खुर्च्यांवर बसवलं.

"डोळे मिटा," शेठ म्हणाले. "कल्पना करा, तुम्ही एका शांत समुद्राच्या काठावर आहात."

"आहोतच," रघुदादा डोळे मिटूनच म्हणाला.

"लाटांचा आवाज ऐका."

"कॉम्प्रेसर बंद करू?" सुभाषने विचारलं.

"नको. आता प्रत्येकाने सांगा, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

"हितंच," रघुदादा म्हणाला. "तुमी खंय असाल?"

शेठना त्यांच्या कोर्समध्ये हा प्रश्न उलटा कोणी विचारला नसावा. मग त्यांनी कागद वाटले. "यावर आपापल्या काळज्या लिहा. मग आपण ते कागद फाडून टाकू. मन मोकळं होईल."

आम्ही कागदाकडे बघत बसलो. शेठ फेरी मारून आले. सगळे कागद कोरे.

"संकोच करू नका."

"संकोच नाही शेठ," नंदाताई म्हणाल्या. "आमच्याकडे नाहीत."

"काळज्या नाहीत? कोणालाच?"

आम्ही सगळ्यांनी एकदम सुभाषकडे बोट दाखवलं. मागच्या खुर्चीवर, काखेत नारळ घेऊन, कपाळाला आठ्या घालून तो बसला होता. त्याच्या कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या आणि त्याने शेजारच्याचा कागद मागून घेतला होता. शेठनी तो उचलून मोठ्याने वाचला. सासू. म्हैस. साहेबांचा मुलगा. पारूआक्काचा झिल. आणि सगळ्यात खाली, "शेठना इथलं पाणी बाधेल काय."

शेठचा चेहरा क्षणभर हलला. पण कोर्स ताजा होता. ते तरातरा गेले, सुभाषच्या काखेतून नारळ ओढून काढला आणि उंच धरला.

"हा काय आहे? नारळ. नुसता नारळ. ह्यात काही नाही. आजपासून हे बंद."

साहेब टाकीजवळ बसले होते. त्यांनी याचीही काळजी केली नाही. डॉक्टरांचा हुकूमच होता.

एवढ्यात फोन वाजला आणि नंदाताई उठून गेल्या. काचेतून आम्हाला त्या दिसत होत्या. फोनवर चांगली बातमी असली की त्या खुर्चीत रेलतात, हे आम्हाला माहीत होतं. त्या उभ्या राहिल्या. मग बाहेर आल्या, आणि रिवाजाप्रमाणे नारळ शोधायला लागल्या. सुभाषकडे बघितलं, नाही. माझ्याकडे बघितलं, नाही. मग शेठच्या उंच हाताकडे बघितलं. सरळ त्यांच्यापाशी गेल्या आणि कानात बोलल्या.

शेठचा हात खाली आला. "मला का सांगताय?"

"नारळ तुमच्याकडे आहे," नंदाताई म्हणाल्या.

साहेबांच्या मुलाच्या जहाजाशी आदल्या दिवसापासून संपर्क नव्हता. हवामान वाईट होतं. कंपनीच्या माणसाने एवढंच सांगितलं होतं, आणि घरच्यांना कळवा म्हणाला होता.

शेठनी नारळ सुभाषपुढे धरला. सुभाषने हात पाठीमागे बांधले. माझ्यापुढे धरला, मीही बांधले. त्यात दुष्टपणा नव्हता. पाळी मोडता येत नाही, एवढंच. आणि आम्ही सगळे बघत होतो टाकीकडे, कारण तिथे बसलेल्या माणसाला जर हे आता कळलं, आणि त्याने जर काळजी केली, तर डॉक्टरांनी काय सांगून ठेवलंय ते आम्हाला पाठ होतं.

"कोणाकडे आहे?" साहेबांनी विचारलं. आवाज नेहमीचाच. पण जेवायची वेळ अजून झाली नव्हती.

शेठनी नारळ छातीशी घेतला. कॉम्प्रेसर तेवढा धडधडत होता.

"माझ्याकडे," धाकटे शेठ म्हणाले.

"मग मी जेवतो," साहेब म्हणाले आणि डबा उघडला.

त्यांना कळलं होतं का? मला विचाराल तर, नंदाताई उभ्या राहिल्या तेव्हाच कळलं होतं. कारण भात कालवता कालवता ते म्हणाले, "नंदा, जरा मीठ देतेस?"

मी सांगतो, अमोनियाची गळती झाली तेव्हा आम्ही एवढे घाबरलो नव्हतो. गोण्यांनी मीठ लागणाऱ्या त्या कारखान्यात रघुदादा शांतपणे म्हणाला, "मीठ संपला सायेब." मिठाच्या गोणीवर बसूनच म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, गोणीकडे बघितलं, आणि अळणी भात सावकाश, शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.

आणि शेठ? शेठनी त्या दुपारी जी काळजी केली, तशी आमच्या कारखान्यात आधी कोणी केली नव्हती आणि नंतर कोणाला जमली नाही. हनुवटीखाली नारळ, दोन्ही हातांत दोन फोन. जहाजाची कंपनी, त्यांचे दलाल, कॉलेजचा कोणी मित्र, मित्राचा कोणी काका. मनातली गोष्ट सोडून द्यायला शिकवणारा हा माणूस काही सोडायला तयार नव्हता. शेवटी एका अधिकाऱ्यावर त्यांचा आवाज चढला, तेव्हा रघुदादाने त्यांना बखोटीला धरून नारळ-फोनासकट बर्फाच्या खोलीत नेलं. तिथे रेंज नव्हती. ते धावत बाहेर आले, घसरले, आणि पडता पडता त्यांनी फोन सोडला पण नारळ सोडला नाही. त्या क्षणी आम्ही त्यांना आपलं मानलं.

उन्हं उतरल्यावर त्यांचा फुटलेला फोन वाजला. जहाजावरची यंत्रं वादळात बंद पडली होती. आता जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं. दलालाने थेट मुलालाच फोन दिला. फोनची काच फुटली होती तरी आवाज मोठा येत होता, आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"मी ठीक आहे. पण बाबांना यातलं काही सांगू नका. ते काळजी करतील."

"ते करत नाहीयेत," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "मी करतोय."

फोन साहेबांकडे गेला. साहेबांनी तो कानाला लावला, बराच वेळ नुसताच ऐकला, आणि एवढंच विचारलं, "जेवलास का?" मग फोन परत दिला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. या वेळी खाकरले नाहीत.

"केलीत?" त्यांनी शेठना विचारलं.

"केली."

"कसली?"

"तुमच्या मुलाची."

"आणि?"

शेठनी आठवून बघितलं. "माझी राहिली."

"होतं असं," साहेब म्हणाले. त्यांनी हात पुढे केला. "बघू."

इतक्या दिवसांत साहेबांनी तो नारळ गाऱ्हाण्यानंतर कधी हातात घेतला नव्हता. आता त्यात काही उरलं नाही, म्हणून घेतला असेल. त्यांनी तो कानाशी धरून हलवला. परत हलवला.

"पाणी वाजत नाही. प्यालात की काय शेठ?"

मग त्यांनी तो देठाच्या बाजूने फिरवून बघितला. सालीतून हिरवं टोक जेमतेम वर आलं होतं. इतक्या जणांच्या घामेजल्या काखांत, टाकीच्या दमट हवेत राहून आमचा नारळ रुजला होता, आणि आम्ही कोणी बघितलंच नव्हतं. ज्याची त्याची नजर काळजीवर.

धाकटे शेठ रात्रीच्या गाडीने परत गेले. साहेबांच्या विश्रांतीचा विषय पुन्हा निघाला नाही. जाताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "असोला नारळ मुंबईत कुठे मिळतो?"

रोप वजनकाट्याशेजारी लावलं. आता चांगलं उंच झालंय. टेम्पोवाले शहाळी लागली का म्हणून विचारतात, पण त्या झाडाचं पाणी प्यायची तयारी अजून आमच्यातल्या कोणाची नाही. साहेब रीतसर निवृत्त होऊन गुहागरला पोफळीच्या बागेत राहतात. मुलगा सहा महिने समुद्रावर, सहा महिने त्यांच्याजवळ. ज्यांनी काळजी करू नका म्हणून सांगितलं ते डॉक्टर मात्र मध्यंतरी गेले. साहेब मला म्हणाले, "फार काळजी करायचे हो."

कारखान्यात नवा नारळ आहे. साहेबांच्या टेबलाशी आता मी बसतो. रोज दुपारी गुहागरहून फोन येतो. कसे आहात, बरे आहात का, असलं काही नसतं.

"कोणाकडे आहे?"

काल सुभाष रजेवर होता, नंदाताई लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या, रघुदादाचा मोडका हात गळ्यात. नारळ कोपऱ्यातल्या टोपलीत पडला होता. मी उठलो, तो उचलून काखेत घेतला आणि मगच उत्तर दिलं.

"माझ्याकडे, साहेब."

"मग मी जेवतो," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.